जुन्या नांगराची दुरुस्ती यांत्रिकीकरणाच्या योजनेत बसत का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतीच्या यांत्रिकीकरणासाठी केंद्र सरकारने २०१४-१५ पासून उपअभियान सुरू केले आणि आपल्या राज्यात त्याचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमाती यांना साधारणपणे निम्म्यापर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत, अनुदान मिळते. आधी अर्ज आणि औजाराचा चाचणी अहवाल, मग पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी, देयक, तपासणी आणि शेवटी खात्यावर रक्कम असा तो क्रम आहे. या क्रमात प्रत्येक पायरी नव्या औजारासाठी आहे. ज्या शेतकऱ्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा, हाडापेराने धडधाकट पण फाळ झिजलेला साधा दोन फाळी नांगर गोठ्यामागे पडून आहे, त्याने तो दुरुस्त करून वापरायचे ठरवले तर त्याच्यासाठी या योजनेत एकही रकाना नाही. हा रकाना का असावा आणि तो कसा असावा, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

मी वाळवा तालुक्यातील अल्पभूधारक शेतकरी आहे. आमच्या भावकीत जुना ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सामाईक आहे आणि त्याच्याबरोबर घेतलेला दोन फाळी नांगर गेली कित्येक वर्षे लिंबाखाली गंजत होता. तो गेल्या पावसाळ्यात आम्ही दुरुस्त केला आणि या उन्हाळ्यात त्याने खोडवा काढलेल्या उसाच्या रानाची नांगरट केली. एकूण खर्च तशाच नव्या नांगराच्या किमतीच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी आला. हे औजार मुळात अडगळीत का गेले, याचे कारण ते निकामी झाले होते असे नव्हे. एकीकडे पन्नास अश्वशक्तीच्या पुढचे ट्रॅक्टर आणि त्यांना जोडलेले हायड्रोलिक पलटी नांगर भाड्याने येऊ लागले, दुसरीकडे रोटाव्हेटरने एका फेरीत रान पेरणीजोगे दिसू लागले; या दोहोंच्या मध्ये साधा दोन फाळी नांगर मागे पडला.

परंतु २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिती धारणा १.३४ हेक्टर आहे आणि एकूण खातेदार दीड कोटीच्या वर आहेत. या सरासरीतही रान एकसंध असतेच असे नाही. वीस गुंठ्यांचा एक तुकडा इकडे आणि तीस गुंठ्यांचा ओढ्यापलीकडे, अशीच वाटणी बहुतेक ठिकाणी आहे. मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला अशा तुकड्यात वळण घेता येत नाही, बांध फुटतो, आणि हंगामात त्याला सलग पाच एकरांचे काम मिळत असताना तो वीस गुंठ्यांसाठी येत नाही. आला तरी वाफसा, म्हणजे नांगरटीजोगी ओल, निघून गेल्यावर येतो. रोटाव्हेटरविषयी तर कृषी अभियंते वर्षानुवर्षे सांगत आहेत की, दरवर्षी केवळ तेच यंत्र चालवल्यास वरचे दहा-बारा सेंटिमीटर भुसभुशीत होतात आणि त्याखाली कठीण थर बसतो, ज्यातून ना पाणी नीट मुरते ना उसाची मुळी खाली जाते. हा थर फोडायला आणि हुमणीच्या अळ्या उन्हात व पक्ष्यांसमोर उघड्या पाडायला वीस सेंटिमीटरपर्यंत जाणारी उन्हाळी नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा तरी उपयोगी पडते. प्रत्येक रान प्रत्येक वर्षी नांगरलेच पाहिजे असे मात्र माझे म्हणणे नाही. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरणीच वगळली आहे आणि ज्यांनी ती पद्धत निष्ठेने सांभाळली त्यांना नांगर कशाला हवा, हा प्रश्न रास्तच आहे. मी बोलतो आहे ते नांगरट करणाऱ्या आणि त्यासाठी भाड्याच्या यंत्राची वाट पाहत बसणाऱ्या शेतकऱ्याविषयी.

छोट्या ट्रॅक्टरला हे काम झेपते का, अशी शंका वारंवार घेतली जाते. तीस सेंटिमीटर रुंदीचे दोन फाळ वीस सेंटिमीटर खोल चालले तर माती कापण्याचे क्षेत्र १२०० चौरस सेंटिमीटर होते. मध्यम ते भारी जमिनीत वाफशावर दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोचा ओढ धरला, तर एकूण ओढ सुमारे ८४० किलो येतो आणि ताशी चार किलोमीटर वेगाने त्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे, नांगर जोडतात तेथे, १२ ते १३ अश्वशक्ती लागते. चाकांची घसर आणि इंजिनापासून चाकापर्यंत वाटेत जाणारी शक्ती धरूनही ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे काम जमते. वळणांसकट एक एकर व्हायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. मोठा ट्रॅक्टर हेच काम याच्या निम्म्याहून कमी वेळात करील, हे खरे. पण दीड एकरवाल्याला तासांची घाई नसते, वाफशाच्या दिवशी औजार हाताशी असण्याची असते. काळी जमीन कडक वाळल्यावर मात्र हाच ओढ पुष्कळ वाढतो आणि तेव्हा छोट्या ट्रॅक्टरचा हट्ट धरू नये.

आता दुरुस्तीविषयी थोडे तपशिलात लिहितो, कारण 'जुने औजार म्हणजे भंगार' हा समज तपशील माहीत नसल्यामुळेच टिकून आहे. नांगराचे जे भाग मातीला घासतात ते सगळे सुटे असतात. पुढचा फाळ, माती उलटवणारा वक्र पत्रा आणि तासाच्या, म्हणजे नांगराने पडणाऱ्या चराच्या, उभ्या भिंतीला टेकून नांगराला बाजूला सरकू न देणारी पट्टी हे तीन भाग मधल्या एका गाभ्यावर बोल्टने बसवलेले असतात. झिजतात ते हे तीन. गाभा, वरची चौकट आणि ट्रॅक्टरला जोडायचा तिकोनी सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून जुना नांगर पाहताना सर्वांत आधी गाभ्याला तडा आहे का आणि चौकट पिळली आहे का, एवढे पाहावे. सपाट फरशीवर नांगर उभा करून दोन्ही फाळांची टोके एकाच वेळी टेकतात का आणि दोरी ताणल्यावर दोन्ही गाभ्यांमधले अंतर पुढे-मागे सारखे भरते का, हे तपासले की अर्धा निर्णय होतो. गाभा बिडाचा असेल आणि त्याला तडा असेल, तर साध्या वेल्डिंग रॉडने तो जोडून घेऊ नये. आधी तापवून आणि निकेलच्या रॉडने जोडणारा कारागीर मिळाला तरच त्यात पडावे, नाहीतर जोडाच्या शेजारीच नवी चीर जाते. पिळलेली चौकट आणि फुटलेला गाभा दोन्ही एकाच नांगरात असतील तर तो नांगर खुशाल किलोवर घालावा. सगळेच जुने जपावे, असा माझा आग्रह नाही.

गंजलेले बोल्ट सोडवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम आहे. डिझेल आणि ऑइलचे मिश्रण सोडून ते काही दिवस मुरू द्यावे लागते. त्यानेही नट हलला नाही तर तो गॅसने तापवतात किंवा छन्नीने फोडतात. ही आच फाळाकडे जाऊ देऊ नये, कारण फाळ लाल झाला की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि मग तो एका हंगामात झिजतो. येथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. फाळाचे बोल्ट चपट्या डोक्याचे आणि चौकोनी मानेचे असतात. डोके फाळाच्या पृष्ठभागात बुडते म्हणून माती त्यावर अडत नाही आणि चौकोनी मान खाचेत बसते म्हणून बोल्ट गरगर फिरत नाही. हे बोल्ट तालुक्याच्या बाजारातही सहजी मिळत नाहीत. दुकानदार साधा षटकोनी डोक्याचा बोल्ट पुढे करतो, शेतकरी तो बसवतो, डोक्याभोवती माती आणि मुळ्या अडकतात, काही दिवसांत डोके घासून जाते आणि मग दोष नांगराला दिला जातो. काही नांगरांत दगड लागल्यावर मुद्दाम तुटावा म्हणून एक मऊ बोल्ट ठेवलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी कडक बोल्ट ठोकणारेही मी पाहिले आहेत. मग तुटतो तो गाभा.

फाळ झिजला असेल तर दोन वाटा असतात. पूर्वी लोहाराकडून फाळ शेवटून, म्हणजे तापवून व ठोकून धारेवर आणून, घेत आणि त्याला पुन्हा पाणी पाजत; आजही काही गावांत भाता चालू आहे आणि ज्याला फाळाची जात ओळखता येते असा लोहार हे काम उत्तम करतो. दुसरी वाट नवा फाळ बसवण्याची. कोणत्याही वाटेने गेले तरी फाळाचा खालचा आणि बाजूचा खाव, म्हणजे नांगर मातीत धरून राहावा म्हणून ठेवलेली फट, नीट भरला पाहिजे. सपाट जागेवर नांगर ठेवल्यावर फाळाचे टोक आणि बाजूपट्टीची मागची टाच टेकते आणि मधे तीन ते पाच मिलिमीटरची फट राहते. बाजूनेही दोरी लावल्यास सुमारे पाच मिलिमीटरची फट दिसावी. खालची फट गेली की नांगर मातीत शिरत नाही आणि मग वर दगड बांधण्याचा किंवा माणूस बसवण्याचा अघोरी प्रकार सुरू होतो, ज्यात अपघात झालेले आहेत. बाजूची फट गेली की तास अरुंद होत जातो. झिजलेली बाजूपट्टी न बदलता फक्त फाळ बदलल्यास हे गणित जमत नाही, म्हणून दोन्ही एकदम पाहावेत.

वक्र पत्र्याचे काम वेगळे आहे. काळी माती गंजलेल्या पत्र्याला चिकटते, चिकटलेल्या मातीवर माती घासते, ओढ वाढतो आणि तास उलटण्याऐवजी नुसता बाजूला ढकलला जातो. पत्रा ग्राइंडरने खोल घासू नये. वरचा कडक थर निघून जातो. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर आणि शेवटची चकाकी मुरमाड किंवा वाळूसर रानात एक-दोन तास चालवून आणावी, हे उत्तम. हंगाम संपल्यावर त्या चकाकीवर ग्रीसचा हात फिरवून नांगर फळ्यांवर, पावसाआड ठेवला की पुढच्या वर्षी हे काम करावेच लागत नाही. आमच्या नांगराची जी दुर्दशा झाली होती तिचे मूळ झिजेत नव्हते, उघड्यावरच्या पावसाळ्यांत होते.

राहिला प्रश्न ट्रॅक्टरला जोडण्याचा. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने विकसित केलेली तीन बिंदूंची (खाली दोन हात, वर एक दांडा) जोडणी पुढे जगभर प्रमाण झाली आणि तिच्यामुळेच एका कंपनीचा जुना नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो. लहान ट्रॅक्टरच्या पहिल्या श्रेणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ मिलिमीटरची असते. दुसऱ्या श्रेणीत त्या २८ आणि २५ मिलिमीटरच्या असतात. नांगराची पीन बारीक आणि ट्रॅक्टरच्या कडीचे छिद्र मोठे असेल तर मधे बुश घालावा, उलट असेल तर पिनाच बदलाव्यात; लेथवर ही कामे लवकर होतात. दोन श्रेणींत खालच्या पिनांमधले अंतरही वेगळे असते, ते मात्र मोजून घ्यावे. रानात गेल्यावर ट्रॅक्टरचे उजवे चाक तासात उतरते आणि ट्रॅक्टर उजवीकडे कलतो, म्हणून जोडणीचा उजवा हात वर घेऊन नांगर समपातळीत आणावा लागतो. वरचा दांडा आखूड केला की नाक खाली जाते आणि नांगर जास्त शिरतो. फार आखूड केला तर टाच उचलली जाते आणि नांगर टोकावर चालतो. मागच्या टाचेची पुसट रेघ तासाच्या तळाशी उमटत असेल तर दांडा बरोबर आहे असे समजावे. लिफ्टवर उचललेल्या नांगराखाली आधाराचे ओंडके न लावता हात घालू नये, हे सांगावे लागू नये, पण लागते.

साध्या दोन फाळीची एक उणीव मान्य केली पाहिजे. तो माती फक्त उजवीकडे टाकतो, त्यामुळे रानाच्या मधे वरंबा किंवा चर उरतो. एका वर्षी मधून सुरुवात करून बाहेर आणि पुढच्या वेळी कडेपासून आत असे तास घेतल्यास रान बऱ्यापैकी सम राहते, आणि उताराच्या रानात तास उताराला आडवे घ्यावेत. हायड्रोलिक पलटीला हा त्रास नाही. ज्याला परवडते आणि ज्याचे रान सलग आहे त्याने ती अवश्य घ्यावी.

एवढे लिहिल्यावर मूळ मुद्द्याकडे येतो. दुरुस्तीला मदत दिली तर खोटी देयके येतील, हा प्रशासनाचा आक्षेप मला अंदाजाने ठाऊक आहे आणि तो फोल नाही. म्हणूनच शेतकऱ्याच्या हातात रोख रक्कम द्या, असे मी म्हणत नाही. योजनेतच भाडेतत्त्वावरील अवजारे सेवा केंद्रांना, म्हणजे आपण ज्यांना औजारे बँक म्हणतो त्यांना, मोठे अनुदान मिळते; त्या केंद्रांनी फाळ, बाजूपट्ट्या, चौकोनी मानेचे बोल्ट आणि दोन्ही श्रेणींच्या पिना यांचा साठा ठेवावा आणि ते सुटे भाग अनुदानित दराने द्यावेत, अशी अट घालता येईल. झिजलेला भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, एवढे बंधन घातले तरी गैरप्रकाराला पुष्कळ आळा बसेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर, फिटर आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी लोखंडाचे तुकडे कापत बसवण्यापेक्षा पावसाळ्यात, म्हणजे नांगर रिकामे आणि वर्कशॉप मोकळी असताना, गावोगावी दुरुस्ती शिबिरे घेता येतील. मार्चमध्ये घेतलेल्या शिबिराचा उपयोग नाही, कारण तेव्हा प्रत्येक वेल्डिंगवाल्याकडे ट्रॉल्यांची रांग असते आणि शेतकऱ्यालाही सवड नसते.

दुसरी गोष्ट सुट्या भागांच्या मापांची. नांगर तयार करणारे छोटे कारखाने प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि प्रत्येकाच्या फाळाची छिद्रे वेगळ्या अंतरावर आहेत. आमच्या नांगराचा मूळ कारखाना केव्हाच बंद झाला, त्यामुळे दुसऱ्याचा फाळ आणून त्याला नवी छिद्रे पाडून घ्यावी लागली, आणि कडक फाळाला छिद्र पाडणे किती जिकिरीचे असते हे ज्याने पाडले त्यालाच माहीत. शेती औजारांच्या भागांसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. अनुदानासाठी औजाराचा चाचणी अहवाल जर सक्तीचा आहे, तर त्याच वेळी छिद्रांची मापे आणि भाग क्रमांक औजारावर कोरलेले असणे आणि ठरावीक वर्षे सुटे भाग पुरवण्याची हमी असणे सक्तीचे करायला कोणती अडचण आहे? राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण व संशोधन चालते. आपापल्या भागात चालणाऱ्या जुन्या नांगरांची मापे घेऊन कोणता फाळ कशाला बसतो याचा साधा तक्ता त्यांनी मराठीत छापला आणि कृषी विज्ञान केंद्रांत लावला, तरी गावच्या दुकानदाराला तो पुरेसा होईल.

आमच्या तालुक्याला लागूनच पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. तत्कालीन औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला आणि तेथून बैलांचे लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. लोखंडाने जमीन नासते, असे मानणारे शेतकरी त्या काळी होते, आणि तरीही तो नांगर रुजला. झिजणारा फाळ तेवढा बदलून बाकी नांगर वापरत राहण्याची सवय या भागाला अशा औजारांनी लावली. आज ट्रॅक्टरच्या औजारांच्या बाबतीत ती सवय मोडली आहे, आणि अनुदानाचे नियम जर फक्त खरेदीच ओळखत असतील तर ती मोडण्याला त्यांचाही हातभार लागतो. कारण चांगला नांगर दुरुस्त करणाऱ्याला काही मिळत नाही आणि तोच नांगर भंगारात घालून नवा घेणाऱ्याला निम्म्यापर्यंत किंमत परत मिळते.

कृषी आयुक्तालयाने पुढील वर्षाच्या मार्गदर्शक सूचना काढताना औजारे बँकांच्या अटींत सुट्या भागांचा साठा आणि चाचणी अहवालाच्या अटींत भागांच्या मापांची नोंद, एवढ्या दोन गोष्टी घालाव्यात, अशी विनंती मी आपल्या पत्रामार्फत करीत आहे. या दोहोंसाठी वेगळ्या निधीची फारशी गरज पडणार नाही. ज्या वाचकांनी आपापल्या भागात जुने दोन फाळी किंवा तीन फाळी नांगर चालते केले आहेत, त्यांनी कोणत्या नांगराला कोणता फाळ बसला हे मापांसह आपल्याकडे कळवल्यास आणि आपण ते प्रसिद्ध केल्यास, विद्यापीठांचा तक्ता निघेपर्यंत तेवढ्यावर काम भागेल.

कळावे.

आपला,
एक अल्पभूधारक शेतकरी
ता. वाळवा, जि. सांगली